मांजर घाबरलंय, हे कशावरून?

प्राण्यांचं वर्तन किंवा प्राणिकल्याण या विषयात काम करत असाल, तर परिषदेला पहिलं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवायची वेळ लवकरच येते. शब्दमर्यादा बहुतेक ठिकाणी 250-300 शब्दांची. एवढ्याशा जागेत माणूस अडखळतो तो एका शब्दापाशी: ‘ताण’.

‘प्राण्यांचा ताण कमी झाला’ असं लिहून तुम्ही मोकळे होता, आणि परीक्षक नेमके तिथेच थांबतात. ताण डोळ्यांना दिसत नाही. मग तुम्ही पाहिलंत काय? कान मागे होते? अंग आक्रसलं होतं? खाणं सोडलं होतं? की लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलंत? या कॉर्टिसॉलचा आपल्याकडे जरा जास्तच दरारा आहे. ते खेळताना वाढतं, समागमाच्या वेळी वाढतं, नुसत्या धावपळीनंही वाढतं. म्हणजे आकडा वर गेला की जनावर दुःखी, असं सरळ म्हणता येत नाही. जोडीला वर्तनाची नोंद हवीच.

2014 साली प्रसिद्ध झालेला नेदरलँड्समधला एक अभ्यास बघा. शेल्टरमध्ये नव्यानं आलेली 19 मांजरं. दहांच्या पिंजऱ्यात लपायला खोकं ठेवलं, नऊंच्या नाही. मोजमाप ‘कॅट स्ट्रेस स्कोअर’चं. अंगाची ठेवण, कान, शेपटी, डोळ्यांच्या बाहुल्या बघून गुण द्यायची ही पद्धत 1997 मध्ये आली. खोकं मिळालेली मांजरं पहिल्या काही दिवसांतच सावरली, बाकीच्यांना जास्त वेळ लागला. फक्त 19 मांजरं! पण प्रश्न एकच, मोजलं काय ते स्पष्ट, आणि उत्तर कुठल्याही शेल्टरला उद्या सकाळी वापरता येईल असं.

आता संख्येचं. समजा तुमच्याकडे 40 कुत्री आहेत, पण खोल्या दोनच. एका खोलीत संगीत लावलंत, दुसरीत शांतता. तर तुमचा आकडा 40 नाही, 2 आहे. एका खोलीतली सगळी कुत्री एकच आवाज, एकच उजेड, एकमेकांचं भुंकणं अनुभवतात. फरक संगीतामुळे पडला की खोलीमुळे, हे सांगता येणार नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये याला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असं नाव दिलं. जाणकार परीक्षक ते एका नजरेत पकडतात.

‘निष्कर्ष परिषदेत मांडले जातील’ हे वाक्य मात्र कृपया नको. फरक पडला नसेल तर पडला नाही असंच लिहा, आकड्यांसकट.

नैतिक परवानगीचा उल्लेख बहुतेक परिषदा मागतात. 1966 साली एडिनबर्गमध्ये पशुवैद्यकीय वर्तनशास्त्रासाठी सुरू झालेली आणि आता आयएसएई म्हणून ओळखली जाणारी संस्था तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नैतिकतेच्या अंगानंही तपासते. ‘समितीची मंजुरी होती’ एवढ्यावर भागत नाही. जनावराला काय सोसावं लागलं आणि ते का टाळता आलं नाही, हे अर्ध्या ओळीत तरी यायला हवं. पाळणाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली असेल, तर माणसांची संमतीही आली.

तुमच्यापैकी काहीजण पुण्या-मुंबईच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करत असतील. त्यांनी ‘स्ट्रे’ हा शब्द जपून वापरावा. लंडनमधल्या वाचकाला त्यातून घरातून हरवलेलं कुत्रं दिसतं. आपल्या गल्लीतलं कुत्रं कुठेही हरवलेलं नसतं, त्याचं घर तिथंच असतं! भारताच्या 2023 च्या नियमांत अशांना ‘कम्युनिटी अ‍ॅनिमल’ म्हटलंय. ते वस्तीत मोकळं राहतं आणि लोक त्याला खाऊ घालतात, एवढं लिहिलंत तरी चित्र बदलतं.

पाठवण्याआधी दुसऱ्याच विषयातल्या एखाद्या मित्राला वाचायला द्या आणि विचारा: किती जनावरं होती, त्यांच्यासोबत काय केलं, काय दिसलं? त्याला सांगता आलं नाही, तर सुरुवातीची ‘अलीकडच्या काळात प्राणिकल्याणाचं महत्त्व वाढत आहे’ छापाची दोन वाक्यं उडवा. बहुतेक वेळा तुमची जागा तिथंच अडकलेली असते.