सी भाषेत एका अ‍ॅरेतील घटक दुसऱ्या अ‍ॅरेत कॉपी करणे

समजा, भिलाईच्या पोलाद कारखान्यातील झोतभट्टीच्या तापमानाच्या पाच नोंदी 'जुना' या इंट प्रकारच्या अ‍ॅरेत आहेत. त्या तेवढ्याच आकाराच्या 'नवा' या अ‍ॅरेत ठेवायच्या आहेत.

'नवा = जुना;' असे लिहिल्यास कंपायलर एरर देतो, कारण सीमध्ये संपूर्ण अ‍ॅरेला असाइनमेंट करता येत नाही. 'नवा' हा पॉइंटर असेल तर एरर येत नाही. पण फक्त पत्ता कॉपी होतो. मग 'जुना'तील नोंद बदलली की 'नवा'मध्येही ती बदललेली दिसते.

पद्धत १ : फॉर लूप. आय ० पासून ४ पर्यंत नेऊन प्रत्येक वेळी 'नवा[आय] = जुना[आय];' करावे.

पद्धत २ : मेमसीपीवाय फंक्शन. याला अनुक्रमे नवा, जुना आणि बाइट्सची संख्या द्यावी. इंट ४ बाइटचा असेल तर ५ घटकांसाठी २० बाइट लागतात. चुकून ५ लिहिल्यास पहिली नोंद आणि दुसरीचा एकच बाइट कॉपी होतो. म्हणून घटकसंख्येला साइझऑफ(इंट) ने गुणावे. दोन्ही जागा एकमेकींत शिरत असतील तर मेममूव्ह वापरावे.

लक्षात ठेवा : 'नवा' पुरेसा मोठा आहे का, हे सी तपासत नाही. तो लहान असेल तर शेजारची मेमरी पुसली जाते. १९८८ मध्ये मॉरिस वर्मने फिंगर सेवेच्या ५१२ बाइटच्या बफरमध्ये जास्त मजकूर भरूनच संगणकांत शिरकाव केला होता. म्हणून कॉपी करण्यापूर्वी आकार तपासणे हे प्रोग्रॅमरचेच काम आहे.