छतावरचे ऊन आणि विजेचे बिल



विजेचे बिल आले की आपली नजर थेट भरायच्या रकमेवर जाते. छतावर सोलर बसवायचा विचार असेल, तर आधी मागच्या बारा महिन्यांत किती युनिट वीज वापरली ते पाहा. सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो.

१ किलोवॅटची पॅनेल आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. त्यासाठी सावली न पडणारी सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. दुपारी घरात कोणी नसते, तेव्हा तयार झालेली वीज महावितरणच्या तारेत जाते. रात्री आपण तिथूनच वीज घेतो. नेट मीटर दोन्ही मोजतो आणि बिल फरकाचे येते. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, त्यामुळे ‘बिल शून्य’ या जाहिरातीवर फार विसंबू नये.

खरी बचत दराच्या टप्प्यांत आहे. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, त्यापुढे तो जवळपास दुप्पट होतो. सोलरची वीज आधी हे वरचे, महागडे युनिट कापते. महिन्याला २६० युनिट लागणाऱ्या घराला २ किलोवॅट पुरे. विक्रेता ५ किलोवॅट सुचवील, पण वर्षअखेर ३१ मार्चला उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण मोजतो त्याहून बराच कमी असतो. गरजेपेक्षा मोठा संच म्हणजे अडकलेला पैसा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’त १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल भारतीय बनावटीची हवीत. वाघोलीत आपल्यापैकी पुष्कळ जण सोसायटीत राहतात आणि गच्ची सर्वांची असते. अशा ठिकाणी लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांसाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. देखभाल खर्च कमी झाला की लाभ प्रत्येक घराला. इथल्या बांधकामांची धूळ पाहता पॅनेल नियमित धुवावी लागतील, हे सर्वसाधारण सभेतच ठरवून घ्या.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. वीज गेली की बॅटरी नसलेला हा संचही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो.

वाघोलीला मेळघाट परका नाही. भारतीय जैन संघटनेच्या इथल्या शैक्षणिक प्रकल्पात १९९३ च्या लातूर भूकंपातील मुले आली, आणि पुढे मेळघाटातील आदिवासी मुलेही शिकली. त्या मुलांच्या पाड्यांवर हा हिशेब निराळा होतो. महिन्याला १०० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ योजना मंजूर केली. १ किलोवॅटचा खर्च ५०,००० रुपये धरला, तर केंद्राचे ३०,००० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना राज्याचे १५,००० मिळून घरच्यांना ५,००० भरायचे राहतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फक्त २,५००. एवढ्या संचात लहान घराची महिन्याची वीज निघते आणि पॅनेल साधारण २५ वर्षे चालतात.

अडचण पैशांपेक्षा कागदांची आहे. वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर हवी आणि मागील बिल थकलेले नको. पाड्यावर मीटर कित्येकदा वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतो. छप्पर पॅनेलचे वजन पेलणारे आहे का, हेही कोणी तरी जाऊन पाहावे लागते. त्यात योजना ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वावर चालते, त्यामुळे ज्याचे कागद अपुरे तो मागे राहतो. अर्ज ऑनलाइन असतो आणि मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते.

मंडळीतील कोणी वीज मंडळात नोकरी करून निवृत्त झाले असतील, कोणाला ऑनलाइन अर्ज भरायची सवय असेल, तर त्यांनी या कामासाठी दोन दिवस द्यावेत. आधी मीटरवरचे नाव बदलून घ्यावे, मगच सोलरचा अर्ज करावा.