वैशालीचे शेट्टी आणि तव्याबाहेरची डिश

फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘वैशाली’ या उडपी हॉटेलचे संस्थापक जगन्नाथ शेट्टी नव्वदी ओलांडून नोव्हेंबर 2023 मध्ये गेले, तेव्हा पुण्याने त्यांना आठवलं ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या कॉलेजकट्ट्याचे यजमान म्हणून. ही आठवण खरी असली तरी तिच्यात शेट्टींमधला हॉटेलवाला झाकला जातो. त्यांचं हॉटेलचं गणित पाहायचं तर एसपीडीपी, म्हणजे शेव पोटॅटो दही पुरी, समोर ठेवावी. उडपी हॉटेलात खरी अडचण तव्याची असते. डोसा, उत्तप्पा गरमच द्यायचा आणि तव्यावर एका वेळी मावतात ते मोजकेच. गर्दीच्या वेळी आचारी कितीही चपळ असला तरी तवा मोठा होत नाही. एसपीडीपीला तवा लागतच नाही. पुऱ्या, उकडलेला बटाटा, दही, गोड चटणी, शेव, कोथिंबीर, सगळं आधीच तयार. ऑर्डर आली की फक्त रचायचं. भेळेच्या गाडीवरचा हा ऐवज दाक्षिणात्य हॉटेलाची ओळख व्हावा, यात मला चवीइतकंच भटारखान्याचं शहाणपण दिसतं. शेट्टींनी ते असंच मांडलं असतं असा दावा नाही, पण रांग लागलेल्या हॉटेलात असा पदार्थ उगाच टिकत नाही.

कुणी म्हणेल, समोर कॉलेजचा रस्ता असल्यावर कुणाचंही चाललं असतं. तो रस्ता मात्र सगळ्यांनाच मिळाला होता आणि त्याच्यावरच्या कितीतरी पाट्या बदलल्या. याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे: ‘संस्थापक’ म्हणून एकाच माणसाला श्रेय का द्यावं? कारकळकडून आलेला हा मुलगा आधी कल्याणला नातेवाइकांच्या हॉटेलात राबला, मग पुण्यात आला. कारकळ ज्यात येतं त्या कर्नाटक किनाऱ्याकडच्या तुळुनाडूतल्या गावांमधून पोरं येत, कप धुण्यापासून सुरुवात करत, आणि कुणाचा तरी हात धरून वर चढत. शेट्टींचंच दुसरं हॉटेल ‘रूपाली’ आणि ‘वैशाली’ या दोन्हींच्या मागे ही साखळी होती, हे मान्यच करायला हवं. मात्र त्यामुळे शेट्टी लहान होत नाहीत. त्या साखळीतून आलेल्या अनेकांनी हॉटेलं काढली. त्यांतल्या फार थोड्यांचं हॉटेल शहराचा पत्ता सांगण्याची खूण झालं. मालक रोज जागेवर असणं आणि चव वर्षानुवर्षं न हलणं, या दोन गोष्टी नात्यागोत्यातून वारशाने मिळत नाहीत.

काळजी वाटते ती त्या साखळीचीच. आता त्या गावांतली मुलं शिकतात, नोकऱ्या धरतात, आणि कप धुवायला येत नाहीत. यात वाईट काहीच नाही. उडपी हॉटेलांच्या भटारखान्यात उत्तरेकडचे, पूर्वेकडचे कामगार दिसतात आणि ते डोसा उत्तम घालतात. अडतं ते पिठापाशी. थंडीत पीठ उशिरा आंबतं, उन्हाळ्यात हातातून जातं. प्रमाण कागदावर लिहून देता येतं, पण आजचं पीठ बोटाला लावून ‘अजून तासभर’ म्हणणारा माणूस पूर्वी कप धुता धुताच घडत असे. तो आता कुठे घडवायचा, हे ‘वैशाली’लाच नव्हे, प्रत्येक उडप्याला नव्याने ठरवावं लागणार आहे.