जुन्या मोटारीची तेलगळती

ॲम्बॅसडर मोटारीचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें, तरी ती जपून वापरणारे बागाईतदार अद्याप आहेत. खालीं तेल ठिबकतांच मिस्त्री इंजिन उतरवावयास सांगतो. ही खर्चाची घाई आम्हांस पसंत नाहीं. थेंब पडतो तेथेंच गळती असते असें नव्हे. तेल वरून ओघळतें व वाऱ्यानें मागें जातें. गार इंजिन रॉकेलनें पुसून कोरडें करावें, खडूची भुकटी फासावी, व थोडें चालवून सर्वांत वरचा ओला डाग पाहावा. तो पुष्कळदां टॅपेट कव्हराच्या गॅस्केटपाशीं सांपडतो. जुन्या १४८९ सी. सी. पेट्रोल इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागील टोकास रबरी सील नसून तेल परतविणारे आटे असतात. ब्रीदरची नळी तुंबली कीं आंतील दाबानें तेल तेथून बाहेर येतें. ती नळी आधीं साफ करावी. मग गॅस्केट बदलावें. नट अति आवळल्यास पत्रा वाकून गळती वाढते.