पोकळीतला खोटा आवाज

पंपाचे किंवा मोटारीचे आवरण थरथरते, हवा हालते आणि आवाज दूरवर जातो. यंत्र घडविण्यापूर्वीच तो किती होईल हे सांगावयाचे, तर गणिताची एक काटकसरीची वाट आहे : हेल्महोल्ट्झच्या नावाची संकलन-पद्धती. सभोवारची सगळी हवा मोजावी लागत नाही. आवरणाच्या पृष्ठभागाचे लहान तुकडे पाडावे, प्रत्येकाची गती व त्यावरील दाब घ्यावा आणि सर्वांच्या वाट्यांची बेरीज करावी.

गती बहुधा ठाऊक असते, दाब नसतो. तो पृष्ठभागावरच समीकरण मांडून काढावा लागतो, आणि खरी मेख येथे आहे. ह्या समीकरणाला बाहेरची हवा व आतली पोकळी हा भेद पुरता कळत नाही. कडेशी दाब शून्य ठेवला असता आतली पोकळी ज्या कंपनसंख्यांना घुमेल, नेमके तेथे उत्तर एकच राहत नाही. मग ती वस्तू भरीव का असेना! अर्धा मीटर त्रिज्येचा गोल घ्या. ध्वनीचा वेग सेकंदास ३४३ मीटर धरला तर पहिला घोटाळा सेकंदास ३४३ कंपनांवर होतो, दुसरा सुमारे ४९० वर. गणकयंत्र चुकीचा आकडाही तितक्याच नेटकेपणाने छापते, हे आम्हांस अधिक धोक्याचे वाटते. तुकडे बारीक केल्याने दोष जात नाही. बिघाडाचा पट्टा तेवढा अरुंद होतो.

१९६८ साली शेंक यांनी सोपी युक्ती सुचविली. सूत्राप्रमाणे वस्तूच्या आत बेरीज शून्यच यावयास हवी. तेव्हा आतले काही बिंदू निवडून ही अट जादा समीकरणे म्हणून जोडावी. मात्र बिंदू कोठे घ्यावयाचा? आमच्या गोलाचा मध्यबिंदू ३४३ वर उत्तम काम देतो; ४९० वर कुचकामी, कारण त्या घुमण्यात मध्यावर दाब मुळातच शून्य असतो.

१९७१ मध्ये बर्टन व मिलर यांनी मूळ समीकरणाची त्याच्याच लंब दिशेच्या विकलनाशी सांगड घातली. दोन्ही आपापल्या जागी फसतात. पण दोहोंना एकदम मान्य होणारे उत्तर एकच, खरे. त्यापायी काही संकलने फार जपून हाताळावी लागतात. तरीही उंच स्वरांसाठी, जेथे असल्या कंपनसंख्यांची दाटी होते, आम्ही हाच मार्ग पसंत करू. लहान यंत्राच्या खालच्या स्वरांना शेंकचे चार-सहा बिंदू पुरतात, फक्त ते एकाच जागी न घेता विखरून घ्यावे.