हंगामाच्या सणातलं धान

'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही उत्तर भारतीय ख्रिस्ती मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली. अँग्लिकन परंपरेसह सहा मंडळ्या तिच्यात विलीन झाल्या, पण बिशपांची व्यवस्था टिकली. नागपूरला पहिले अँग्लिकन बिशप त्याआधीच, १९०३ मध्ये मिळाले होते, आयर चॅटर्टन.

अशा मंडळीचं खरं रूप लहान गावातल्या देवळात दिसतं. मोजकी घरं, सगळे एकमेकांना ओळखणारे. एखादं म्हातारं माणूस रविवारी दिसलं नाही, की उपासना आटोपून कुणीतरी त्याच्या घरी चौकशीला जातंच. पाळकांच्या प्रवचनाइतकंच हेही मोलाचं. हंगामाच्या सणाला वेदीपुढे धान, भोपळे, कोंबडी, अंडी येतात. नंतर त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामी लागतात. गोंदियासारख्या धानाच्या मुलखात या अर्पणाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

अशा मंडळ्यांतल्या ख्रिस्ती चिंतनाची मराठी वाट रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी रुळवली. नागपूरहून राजनांदगावला जाताना, म्हणजे गोंदियावरून जाणाऱ्याच रेल्वेमार्गावर, एका सहप्रवाशाने त्यांना बायबलमधला 'नवा करार' दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली. मराठी मंडळ्या उपासनेत आजही त्यांची गीतं गातात.