झिल्लीचा आहेर

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत, हरिश्चंद्रगडाच्या बाजूस, पावसाळ्यांत दिवेलागण झाली कीं झुडुपाझुडुपांतून किर्र नाद उठूं लागतो. हा रातकिडाच, अशी आपली समजूत. अमरकोशांतही झिल्लिका, चीरी अशीं नांवें आहेत. परंतु त्या नादांत लांब मिशांच्या हिरव्या नाकतोड्याचाही वांटा असतो. नर पुढचे पंख एकमेकांवर घांसून गातो. मादी तें ऐकते पुढच्या पायांवरील कानांनीं!

नातीनें एकदां विचारलें, "आजोबा, एवढा रात्रभर गातो, तर त्याला बायका किती?" प्रश्न योग्य होता, पण शास्त्रज्ञांना अधिक कुतूहल उलट प्रश्नाचें वाटलें: मादी आयुष्यांत कितीदां नर वरते? विषय कीटकांचा आहे, तेव्हां वाचकांनीं संकोचूं नये.

मीलनाच्या वेळीं नर मादीला बीजाबरोबर एक चिकट पौष्टिक गोळाही देतो. कांहीं जातींत या साऱ्याचें वजन नराच्या देहाच्या चतुर्थांशाइतकें भरतें. मादी तो गोळा खात असतां बीज तिच्या शरीरांत शिरतें. पुढें पुष्कळ जातींत ती कांहीं काळ दुसऱ्या नराकडे वळत नाहीं.

आतां मोजावें कसें? रात्रंदिन पाळत ठेवणें अशक्य. पण निसर्गानेंच हिशेब लिहून ठेवला आहे. अनेक जातींत प्रत्येक मीलनाचें बीज मादीच्या शुक्रधानींत निराळ्या पुडीच्या रूपानें राहतें. हंगामाच्या अखेरीस रानांतून धरलेल्या माद्यांच्या पुड्या मोजल्या कीं झालें! इंग्लंडांतील करीम वाहिद यांनीं अशा मोजणीवरून 2006 सालीं दाखविलें कीं, ज्या जातींत नर अधिक वीर्य देतो, तेथील मादी आयुष्यांत कमी वेळां मीलन करते. मोठ्या दानामुळें तिची विरक्ति लांबत असावी, असें कारण सुचविलें जातें. म्हणजे नराचें औदार्य निव्वळ औदार्य नव्हे!

उत्तर अमेरिकेंतील मॉर्मन क्रिकेट नांवाच्या बिनउड्डाणी नाकतोड्यांत तर प्रकार उलटाच. डॅरिल ग्वीन यांनीं 1981 सालीं लिहिलें कीं, दाट थव्यांत माद्याच नरासाठीं झुंजतात आणि नर हलक्या माद्यांना नाकारून वजनदार, अधिक अंडीं असलेली मादी निवडतो. अन्न दुर्मिळ असलें कीं त्या गोळ्याचें मोल वाढणारच.

हें सांगून होतांच नात म्हणाली, "म्हणजे यांच्यांत हुंडा नवऱ्या मुलाकडचे देतात तर!" तिची आजी स्वयंपाकघरांतून बाहेर आली आणि कांहींएक न बोलतां माझ्याकडे पाहूं लागली.